ठमीची नखे आणि आमचे चार महिने

आमच्या ठमी या मांजरीची नखे शस्त्रक्रियेने काढून टाकण्यासाठी मी ३० जानेवारीची वेळ घेतली होती, आगाऊ रक्कम भरली होती आणि संमतिपत्रावर सहीसुद्धा केली होती. ती शस्त्रक्रिया झाली नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर लागणार नाही. ती का ठरली, का रद्द झाली आणि त्यानंतर घरात काय काय घडले, हे क्रमाने लिहून ठेवते आहे. कारण जानेवारीत मी अशाच एखाद्या अनुभवाच्या शोधात होते आणि मला एक तर अंगावर ओरडणारे लेख सापडत होते, नाही तर ‘नखे घासायला खांब आणा, प्रश्न मिटेल’ असे सांगणारे.

ठमी दोन वर्षांची आहे. ती घराबाहेर जात नाही, आणि घरात जे काही उभे, घट्ट विणलेले आणि आमच्या मालकीचे नसलेले आहे, त्याच्यावर तिचा विशेष जीव आहे. आम्ही राहतो ते घर सामानासह भाड्याने घेतलेले असून दिवाणखान्यातला सोफा घरमालकांचा आहे. त्याच्या डाव्या हाताच्या कापडाचे धागे वर्षभर हळूहळू बाहेर येत होते आणि त्यावर चादर टाकून आम्ही, डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरासारखे, निश्चिंत होतो. ४ जानेवारीच्या संध्याकाळी ठमी सासूबाईंच्या मांडीवर झोपलेली असताना दाराची घंटा वाजली, ती दचकून उडाली आणि सासूबाईंच्या हातावर तीन लांब ओरखडे उमटले. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत आणि हृदयाच्या ठोक्यांच्या तक्रारीमुळे त्यांना रक्त पातळ ठेवणारे औषध चालू आहे. दुसऱ्या कुणाला झाले असते तर पाण्याने धुऊन विसरून गेलो असतो असे ते ओरखडे होते. पण रक्त पूर्ण थांबायला पाऊण तास लागला, आणि तो पाऊण तास मला फार मोठा वाटला.

त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, ११ जानेवारीला, घरमालकांचे पत्र आले. मागील भेटीत त्यांनी चादर उचलून पाहिली असावी. मे महिन्यात घराची वार्षिक पाहणी होईल, त्याआधी मांजराची नखे काढून घ्यावीत किंवा मांजर अन्यत्र हलवावे, आणि यांपैकी काय करणार ते २१ दिवसांच्या आत लेखी कळवावे, असे त्यात म्हटले होते. पत्राची भाषा उद्धट नव्हती. मला त्यात, खरे सांगायचे तर, सुटकाच दिसली: एका शस्त्रक्रियेत सोफाही वाचणार होता आणि सासूबाईही.

मी तीन दवाखान्यांत दूरध्वनी केला. पहिल्याने ‘आम्ही ही शस्त्रक्रिया करत नाही’ एवढेच सांगून फोन ठेवला. दुसऱ्याने नंतर कळवतो म्हटले आणि कळवले नाही. तिसऱ्या दवाखान्यात मात्र अगदी सहज उत्तर मिळाले: पुढच्या दोन्ही पंजांची नखे काढली जातील, मांजर एक रात्र दवाखान्यात राहील, दुसऱ्या दिवशी पट्ट्या सोडतील, आणि पुढचे दहा-बारा दिवस तिच्या शौचाच्या ट्रेमध्ये लिटरच्या, म्हणजे ओल शोषणाऱ्या, दाण्यांऐवजी कागदाचे तुकडे घालावे लागतील. कागदाचे तुकडे का, हे मी विचारले नाही. संमतिपत्र ईमेलने आले, मी ते वरवर चाळले, सही केली, रकमेचा चौथा भाग आगाऊ भरला आणि घरमालकांना तारीख कळवायची म्हणून पत्राचा मसुदाही करून ठेवला.

ते संमतिपत्र नीट वाचले माझ्या नवऱ्याने, १९ जानेवारीच्या रात्री. त्याने एक ओळ दोनदा मोठ्याने वाचली. ‘प्रत्येक बोटाचे शेवटचे हाड काढण्यास मी संमती देत आहे.’ मग त्याने विचारले, “हाड कशाला? नखेच काढायची आहेत ना?” मला उत्तर देता आले नाही. आपण ज्यावर सही केली ते आपल्याला ठाऊक नाही, याची लाज वाटली. पण त्याहून अधिक, मांजर पाळून दोन वर्षे झाली आणि तिच्या पंजात नेमके काय असते हे आपण कधी पाहिलेच नाही, याचे आश्चर्य वाटले. ठमीच्या नेहमीच्या डॉक्टर तेव्हा रजेवर होत्या. त्यांची २३ तारखेची वेळ मिळाली. मधले चार दिवस मी ठमीच्या पायांकडे बघत काढले.

सोनाराने कान टोचावेत म्हणतात, ते खरे. डॉक्टरांनी मला रागावले नाही. त्यांनी माझे तर्जनीचे टोक धरले, शेवटच्या पेरावर पेनाने रेघ ओढली आणि म्हणाल्या, “माणसाच्या बाबतीत हे इथून कापण्यासारखे आहे.” माणसाचे नख त्वचेवर वाढते, तर मांजराचे नख बोटाच्या शेवटच्या हाडातूनच उगवते, त्या हाडाचा नखाला जन्म देणारा भाग मागे राहिला तर नख पुन्हा येते, बऱ्याचदा वाकडे आणि कातडीच्या आतल्या आत. म्हणून नख काढायचे तर हाडच काढावे लागते. मांजराच्या पुढच्या प्रत्येक पंजाला पाच आणि मागच्या प्रत्येक पंजाला चार अशी एकूण अठरा नखे असतात. म्हणजे मी ज्याला एक शस्त्रक्रिया समजत होते, त्यात दहा पेरे कापली जाणार होती. शिवाय मांजर चालते ते टाच टेकून नव्हे, बोटांवर. ज्यावर शरीराचा भार पडतो, नेमके तेच टोक नाहीसे होते.

मी जे जे विचारायचे ठरवून गेले होते ते सगळे विचारले. लेझरने केले तर? त्याने रक्त कमी जाते, पण कापायचे ते हाड तेच. नखे तशीच ठेवून, ती बाहेर काढणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, कापण्याचीही एक पद्धत असल्याचे मी वाचले होते. त्यावर त्या म्हणाल्या की विसावलेल्या मांजराची नखे आतच असतात आणि ती बाहेर काढण्यासाठी तिला स्नायू आवळावा लागतो. ती कंडरा कापली की नख बाहेर येत नाही, पण वाढायचे थांबत नाही. घासले न गेल्याने ते जाड होत जाते आणि जन्मभर माणसालाच कापत बसावे लागते. म्हणजे कात्री काही सुटत नाही. मग ट्रेमधल्या कागदाच्या तुकड्यांचे कोडे सुटले: ताज्या जखमांत लिटरचे दाणे जाऊ नयेत आणि टोचू नयेत म्हणून तो कागद. काही मांजरे ते टोचणे विसरत नाहीत आणि ट्रेकडे कायमची पाठ फिरवतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७४ मांजरे तपासली गेली होती, निम्मी नखे काढलेली आणि निम्मी नखे असलेली. नखे काढलेल्यांत पाठीचे दुखणे, ट्रेबाहेर घाण करणे आणि चावणे यांचे प्रमाण स्पष्टपणे अधिक आढळले, आणि त्यांच्यातल्या सुमारे ६३ टक्के मांजरांच्या पंजांत हाडाचे तुकडे मागे राहिलेले दिसले. सोफा वाचवण्यासाठी गादी गमावायची, असा हा व्यवहार.

या सगळ्यानंतर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, “आईंना ओरखडे कुठल्या पायाचे लागले?” मी आठवून पाहिले. ठमी पळताना तिची पाठ आमच्याकडे होती. ओरखडे मागच्या पायांचे होते, आणि जी शस्त्रक्रिया मी सासूबाईंसाठी म्हणून ठरवली होती तिच्यात मागच्या नखांना कुणी हातही लावणार नव्हते.

नखाच्या मुळाशी गाठ झाली किंवा एखादे बोट बरे न होण्याइतके बिघडले, तर ते काढावे लागते आणि तेव्हा कुणी हरकत घेत नाही, हेही डॉक्टरांनी सांगितले. आक्षेप आहे तो सोयीसाठी काढण्याला. त्या रात्री मी घरमालकांना पाठवायच्या पत्रासाठी म्हणून कायद्यांची माहिती वाचत बसले. पाळीव प्राण्यांच्या संरक्षणासाठी १९८७ मध्ये झालेल्या युरोपीय करारात ही शस्त्रक्रिया निषिद्ध मानलेली आहे. इंग्लंडमध्ये २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याने ती करता येत नाही, इस्रायलने २०११ मध्ये तिच्यावर बंदी घातली. जिथे ती सर्रास होत असे त्या उत्तर अमेरिकेतही कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांताने २०१८ मध्ये आणि अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये ती थांबवली. हे मी पत्रात घातले, मात्र दोनच ओळींत. घरमालकांना कायदा शिकवायला गेले असते तर पत्र न वाचताच बाजूला पडले असते. पत्रात जागा अधिक दिली ती आम्ही काय करणार आहोत त्याला: नखे नियमित कापणे, घासण्यासाठी खांब, पाहणीपर्यंत नखांवर प्लॅस्टिकच्या टोप्या, आणि सोफ्याचा हात स्वखर्चाने दुरुस्त करून देणे. सोबत डॉक्टरांचे एका पानाचे पत्र जोडले. हे सगळे २७ जानेवारीला पाठवले आणि त्याच दिवशी शस्त्रक्रिया रद्द केली. भरलेल्या आगाऊ रकमेतली निम्मी परत मिळाली. कुणाला असे पत्र लिहायचे असेल तर एक सुचवते: मुदत संपायची वाट पाहू नये, आणि ‘शक्य नाही’ या शब्दांनी सुरुवात करू नये. घरमालकांचे उत्तर ५ फेब्रुवारीला आले, दोन वाक्यांचे. मे महिन्यातली पाहणी होईपर्यंत थांबण्यास त्यांची तयारी होती.

सासूबाईंच्या डॉक्टरांची वेळ मिळायला दोन आठवडे गेले. ६ फेब्रुवारीला त्यांनी जे सांगितले त्याने माझ्या मनातली उरलीसुरली रुखरुखही गेली. ओरखडा उठला की साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावा, रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दहा मिनिटे न उचलता दाबून धरावे, आणि मांजराशी हाताने झोंबाझोंबीचा खेळ घरातल्या कुणीच खेळू नये. ओरखड्यातून होणाऱ्या आजाराचा जिवाणू मांजरांमध्ये पसरतो तो पिसवांमुळे, तेव्हा पिसवांचे औषध वेळच्या वेळी द्यावे. नखे काढण्याचा विचार होता असे मी सांगितल्यावर ते म्हणाले, मांजराची भीती नखांवरून दातांवर गेली तर तुमचे काम वाढेल, कारण मांजराचा दात खोल जातो आणि वरून जखम दिसते बारीक. घरी आल्यावर आम्ही एक जाड, चौपदरी टॉवेल सासूबाईंच्या खुर्चीवर कायमचा ठेवला. ठमी मांडीवर येणार असेल तर आधी टॉवेल. इतका साधा उपाय महिनाभर आधी सुचला असता तर कदाचित हे लिहायची वेळच आली नसती.

नखे कापायला शिकणे हा या सगळ्यातला सर्वांत लांबलेला भाग. मी १ फेब्रुवारीला सुरुवात केली, पण पहिले तीन आठवडे कात्री चालवलीच नाही. पहिल्या आठवड्यात ती पेंगुळलेली असताना नुसता पंजा हातात धरायचा, तिने ओढला की सोडायचा आणि खाऊचा एक दाणा द्यायचा. दुसऱ्या आठवड्यात बोटाची गादी खालून आणि वरून हलकेच दाबली की नख कसे पुढे येते ते पाहायचे. तिसऱ्यात एका हाताने नख पुढे आणायचे आणि दुसऱ्या हाताने कात्री नुसतीच हवेत वाजवायची. नवऱ्याला हे पाहून हसू येत असे. त्याचे म्हणणे, शाल गुंडाळून धरली तर पाच मिनिटांचे काम आहे. ते आम्ही पूर्वी एकदा केले होते आणि ठमी त्यानंतर दोन दिवस कपाटावरून खाली आली नव्हती.

२१ फेब्रुवारीला दोन नखे कापली. फक्त दोन. सगळी दहा पूर्ण व्हायला चार दिवस लागले. मांजराचे नख बहुधा पारदर्शक असते, उजेडाकडे धरले की आत गुलाबी भाग दिसतो. तीच नखाची जिव्हाळी. तिथे रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात, म्हणून तिच्यापासून दोन मिलिमीटर तरी अंतर राखून फक्त अणकुचीदार टोक कापायचे. कात्री अशी धरावी की पाती नखावर वरून-खालून येतील; दोन्ही बाजूंनी चिमटल्यास नख उभे चिरते. काही लागले आहे हे आपल्याला दिसते ते नंतर, तिला कळते ते आधी. ८ मार्चला माझी घाई झाली आणि एक नख जिव्हाळीपर्यंत गेले. डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे कॉर्नफ्लॉवर तयार होते. त्यात नख बुडवून दोन मिनिटे दाबून धरल्यावर रक्त थांबले. ठमी पलंगाखाली गेली. पुन्हा पंजा हातात द्यायला तिने पाच दिवस घेतले, आणि ते पाच दिवस मी घाई केली नाही, कारण घाईची शिक्षा अजून ताजी होती.

मागची नखे दुपटीने वेळ मागतात, पण सासूबाईंसाठी तीच महत्त्वाची होती. मागची आठ मी मार्चच्या मध्यापासून कापू लागले. आणि तरीही एक चूक राहिलीच. पुढच्या पंजाच्या आतल्या बाजूला, जरा वर, अंगठ्यासारखे पाचवे बोट असते. ते जमिनीला टेकत नाही, त्यामुळे त्याचे नख झिजत नाही. मी डाव्या पंजाचे ते नख सलग दोनदा विसरले होते. २९ मार्चला सासूबाईंनी ठमीला कुरवाळताना ते पाहिले: इतरांपेक्षा कितीतरी लांब, गोल वळून गादीकडे झुकू लागलेले. आणखी काही महिने तसेच राहिले असते तर ते मांसात रुतले असते.

खांबाच्या बाबतीत मी जे करू नये ते सगळे केले. पहिला खांब आणला तो दिसायला सुबक, गुडघ्याएवढा, मऊ कापडाने मढवलेला. आणि दिवाणखान्याची शोभा जाऊ नये म्हणून ठेवला दाराआडच्या कोपऱ्यात. ठमीने तो हुंगला, एकदा पंजा लावला, तो डुगडुगला, आणि विषय संपला. नवऱ्याने तिचे पंजे धरून खांबावर घासून दाखवले, त्यानंतर तर ती त्या कोपऱ्यात जाईनाशी झाली. मांजरांना भुरळ घालणारे कॅटनिप शिंपडून पाहिले. सुमारे एकतृतीयांश मांजरांवर त्या वनस्पतीचा परिणामच होत नाही, आणि आमची ठमी त्यांच्यात निघाली.

डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले की ती सोफ्याला नखे लावते तेव्हा शरीर कसे असते. मी दोन दिवस बघत बसले. झोपेतून उठल्याबरोबर ती सोफ्याच्या हाताशी जाई, मागच्या पायांवर उभी राही, पुढचे पंजे जास्तीत जास्त उंच लावी आणि सगळी पाठ धनुष्यासारखी ताणून मग खाली ओढी. यात तिची तीन कामे होतात. पाठ आणि खांदे ताणले जातात. नखावरचे जुने टरफल सुटते, आणि मला गालिच्यावर सापडणाऱ्या त्या बारीक चंद्रकोरी तुटलेली नखे नसून ही टरफले होती. आणि पंजांमधल्या ग्रंथींचा वास त्या जागी लागतो, म्हणजे ही जागा माझी अशी तिची सहीच. तेव्हा सोफ्यावर माझ्याआधी तिने सही केली होती, आणि माझ्यासारखी न वाचता नव्हे.

गुडघ्याएवढ्या खांबावर ती पूर्ण ताणली जाऊच शकत नव्हती. दुसरा खांब आणला तो नव्वद सेंटिमीटर उंच, जड बैठकीचा आणि सिसलच्या, म्हणजे काथ्यासारख्या खरखरीत, दोराने गुंडाळलेला. २०१६ मध्ये चार हजारांहून अधिक मांजरमालकांच्या पाहणीत दोराचा उंच, साधा खांबच मांजरे सर्वांत जास्त वापरतात असे दिसले होते, आणि खांब वापरल्यावर शाबासकी मिळणारी मांजरे तो अधिक वापरत होती. हा खांब मी १६ फेब्रुवारीला सोफ्याच्या त्या फाटक्या हाताला अगदी खेटून, वाटेत ठेवला. दिसायला वाईट दिसे. सोफ्याच्या हातावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पारदर्शक पट्टी लावली, कारण तो चिकट स्पर्श मांजरांना नकोसा वाटतो. आणि एक वही केली. पहिल्या आठवड्यातल्या नोंदी दिवसाला सरासरी नऊ वेळा सोफा आणि शून्य किंवा एकदा खांब अशा होत्या. महिन्याच्या अखेरीस सोफा चार आणि खांब पाच. मार्चच्या अखेरीस सोफा एखाद वेळ. ती खांबाला लागली की लगेच, तिथेच, खाऊचा दाणा. सोफ्याला लागली की ओरडायचे नाही, टाळी वाजवायची नाही. हे सांगायला सोपे आहे. पहाटे पाच वाजता कापड फाटल्याचा आवाज ऐकून गप्प पडून राहणे मला जमायला बरेच दिवस लागले. गालिच्यासाठी एक पुठ्ठ्याची आडवी घासणीही आणली. ती तिने पहिल्या दिवसापासून वापरली आणि तिच्याबद्दल सांगण्यासारखे एवढेच आहे.

टोप्यांबद्दल लोक फार विचारतात. नखावर डिंकाने चिकटवायच्या या मऊ, पोकळ, प्लॅस्टिकच्या टोप्या. पहिल्यांदा त्या दवाखान्यातच बसवून घेतल्या, १२ मार्चला. बसवण्याची फी टोप्यांच्या खोक्याच्या दुप्पट झाली, पण माप कसे घ्यायचे आणि डिंक किती घालायचा हे डोळ्यांनी पाहता आले. आधी नख कापायचे, नाही तर टोपी बसत नाही. डिंक अगदी थेंबभर. आणि बसवल्यावर पाच मिनिटे मांजर धरून ठेवायचे. ठमी पहिली संध्याकाळ ओल्या फरशीवरून चालल्यासारखी पाय उचलून चालली. तिसऱ्या दिवशी दहांपैकी चार टोप्या गायब होत्या. नखाचे टरफल सुटते तसे टोपीही सुटते, त्यामुळे चार ते सहा आठवड्यांत त्या आपोआप पडतात. ज्या पडत नाहीत त्या काढायच्या, कारण आतले नख वाढतच असते. दुसरा जोड आम्ही घरी बसवला. तेव्हा माझ्या बोटाला चिकटलेल्या टोप्या ठमीला चिकटलेल्यांपेक्षा जास्त भरल्या. माझे मत असे की टोप्या या आजारपणातल्या काठीसारख्या आहेत: सोफ्याची सवय सुटेपर्यंतच्या दोन महिन्यांत त्यांचा आधार झाला, सासूबाईंची भीती कमी झाली, पण कायमच्या वापरायला मला त्या नको वाटल्या. मागच्या पायांना आम्ही त्या बसवल्याच नाहीत. बाहेर हिंडणाऱ्या मांजराला तर त्या लावूच नयेत, त्याला झाडावर चढायला आणि स्वतःला वाचवायला नखे लागतात.

१८ एप्रिलला मी मोठी साफसफाई काढली आणि खांब दोन दिवसांसाठी आतल्या खोलीत नेला. दोन दिवसांत सोफा पाच वेळा. सवय लागली असे मला वाटले होते, ती खांबाची नव्हती, त्या जागेची होती. खांब परत जागेवर आला आणि त्यानंतर तो हलवायचा तर रोज फक्त वीतभर, असा नियम केला. मेच्या मध्यापर्यंत तो सोफ्यापासून खिडकीपर्यंत पोहोचला होता आणि सोफा आणि खांब यांच्यामधून एकदाचे माणसाला जाता येऊ लागले.

पाहणी २० मे रोजी झाली. घरमालक स्वतः आले. सोफ्याच्या डाव्या हाताचे कापड आदल्या आठवड्यात बदलून घेतले होते. रंगात किंचित फरक आहे, तो त्यांनी पाहिला आणि बोलले नाहीत. मग त्यांनी नखे दाखवा म्हटले. मी ठमीला खुर्चीवर घेऊन एकेक बोट दाबून दाखवले आणि तिने ते करू दिले, याचा मला पाहणीपेक्षा अधिक आनंद झाला. खर्चाचे म्हणाल तर दोन खांब, पुठ्ठ्याची घासणी, कात्री, टोप्या, चिकटपट्टी, डॉक्टरांच्या तीन भेटी, बुडालेली आगाऊ रक्कम आणि कापड हे सगळे मिळून शस्त्रक्रियेसाठी सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून जरा जास्त झाले. त्यातला पहिला खांब निव्वळ फुकट गेला. जून महिन्यात भाडेकरार नवा झाला तेव्हा ‘मांजराची नखे काढणे’ हे शब्द त्यात नव्हते. ‘दर तीन आठवड्यांनी नखे कापली जातील आणि झालेली हानी भाडेकरू भरून देतील’ असे कलम होते. या वेळी मी करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचून सही केली.

सासूबाईंनी दिनदर्शिकेत दर तिसऱ्या रविवारी ‘ठ’ असे लिहून ठेवले आहे. टॉवेल अंथरून ठमीला मांडीवर त्याच घेतात आणि मी कापते. मागची नखे संपली की मी कात्री खाली ठेवायला लागते, तेवढ्यात त्या म्हणतात, “अगं, डावा अंगठा राहिला.”